ऊन लागणं आणि गारठणं: नाशिककर नेहमी विचारतात ते प्रश्न

मार्च ते मे उन्हाचे प्रश्न आणि डिसेंबर-जानेवारीत थंडीचे, असं आमच्याकडे विचारणाऱ्यांचं वर्ष दोन हंगामांत वाटलेलं आहे. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून एकदाच लिहून काढले. एक गोष्ट आधीच सांगते, पुढे ती पुन्हापुन्हा येणार आहे. शरीर फार तापलं काय किंवा फार गार पडलं काय, घोळ लवकरच डोक्यात होतो. त्यामुळे ज्याला त्रास होतोय त्याला तो कळत नाही, सोबतच्यालाच कळावा लागतो.

शरीराचं नेमकं तापमान किती असायला हवं? ९८.६ च ना?

तो आकडा कार्ल वुंडरलिख या जर्मन डॉक्टरांनी १८६८ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांतून आला. आज मोजलं तर बहुतेकांचं त्याहून थोडं कमीच भरतं. पहाटे सगळ्यात कमी आणि संध्याकाळी जास्त, असा रोजचा चढउतारही असतो. काखेत मोजलं तर तोंडातल्यापेक्षा अर्धा-एक अंश कमी दिसतं.

आपल्याकडे गोंधळ होतो तो वेगळ्याच कारणाने. घरातला ताप आपण फॅरनहाइटमध्ये बोलतो आणि हवामान सेल्सिअसमध्ये. तेव्हा चार आकडे लक्षात असू द्या: ३५ सेल्सिअस म्हणजे ९५ फॅरनहाइट, ३७ म्हणजे ९८.६, ३९ म्हणजे साधारण १०२ आणि ४० म्हणजे १०४.

ताप येणं आणि ऊन लागणं एकच ना? दोन्हीत अंग तापतंच की.

थर्मामीटरवर आकडा एकच दिसेल, पण आजार वेगळे आणि उपायही जवळजवळ उलटे.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. शरीर किती गरम ठेवायचं हे तो ठरवतो. जंतुसंसर्गात तो स्वतःच ही पातळी वर नेतो. म्हणून तर १०२ ताप असतानाही थंडी वाजते आणि माणूस गोधडी मागतो. शरीर ठरवून तापत असतं. पॅरासिटामॉल ही वाढवलेली पातळी खाली आणतं, म्हणून तापात त्याचा उपयोग होतो. अशा तापात बर्फाच्या पाण्याने पुसू नये. हुडहुडी भरते, त्या थरथरीने उष्णता आणखी वाढते आणि लेकरू उगाच हैराण होतं. पुसायचंच असेल तर कोमट पाण्याने पुसा.

उष्माघातात पातळी जागेवरच असते. शरीर गार व्हायची धडपड करत असतं, पण बाहेरची किंवा कष्टाची उष्णता त्याला पुरून उरते. इथे पॅरासिटामॉल काही करत नाही, उलट आधीच ताणलेल्या यकृतावर बोजा टाकतं. इथे मात्र भरपूर गार पाणीच लागतं, आणि तेही ताबडतोब. 'ऊन लागलंय, गोळी दिली आणि पांघरूण घालून झोपवलं' हे ऐकलं की आमच्या पोटात गोळा येतो.

नुसती उन्हाची झळ आहे की उष्माघात, हे कसं ओळखायचं?

एप्रिलात उन्हाळ कांद्याची काढणी चालू आहे असं समजा. सकाळपासून वाकून काम, डोक्यावर रुमाल, दुपारचा एक वाजलेला. एका बाईला भोवळ आली, मळमळतंय, डोकं ठणकतंय, पोटऱ्यांत गोळे आलेत, घाम पाझरतोय. पण 'कितवी सरी चालू होती?' विचारलं तर नीट सांगते. ही उन्हाची झळ. सावलीत झोपवा, पाय थोडे उंच करा, अंग ओलं करा, घोटघोट मीठ-साखरेचं पाणी द्या. अर्ध्या तासात हुशारी यायला हवी.

तीच बाई उत्तर द्यायच्या ऐवजी काहीतरी असंबद्ध बोलू लागली, चिडली, चालताना अडखळली, स्वतःच्या मुलाला ओळखेना, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. थर्मामीटर शोधत बसू नका. व्याख्येत शरीराच्या आतलं तापमान ४० सेल्सिअस किंवा वर असं आहे, पण काखेतला थर्मामीटर इथे फसवतो. कातडी ओली किंवा वाऱ्याने निवलेली असली की तो १००-१०१ दाखवून मोकळा होतो.

आणखी एक जुना समज काढून टाका: 'घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही.' घरात, पत्र्याखाली दोन-तीन दिवस तापत राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाची कातडी कोरडी पडते हे खरं. पण कष्ट करताना ज्याला उष्माघात होतो तो बहुधा घामाने चिंब असतो.

उष्माघात झालाच, तर पहिल्यांदा काय करायचं? दवाखान्यात न्यायचं की गार करायचं?

१०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत गार करत राहा. पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आलं तर माणूस वाचण्याची शक्यता फार मोठी असते. दवाखाना अर्ध्या तासावर असेल आणि तो सगळा वेळ माणूस बंद जीपच्या मागच्या सीटवर तापत राहिला, तर हातातला सगळ्यात मोलाचा वेळ गेला.

शेतात हे कसं जमवायचं? कांदा झाकायची ताडपत्री असतेच. सावलीत चौघांनी तिची टोकं उचलून धरायची, मधल्या खोलगट भागात माणसाला झोपवायचं आणि मोटारीचं पाणी सोडायचं. तोंड पाण्याच्या वर राहील हे एकाने डोकं धरून बघायचं. पाइपातलं पहिलं पाणी मात्र बाजूला जाऊ द्या. दुपारी उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातून सुरुवातीला हात भाजेल असं पाणी येतं. फवारणीचं टाकं वापरू नका, त्यात औषधाचा अंश असतो.

शहरात, घरात असाल तर जास्तीचे कपडे काढा, नळीने किंवा तांब्याने सतत पाणी ओता आणि पंखा जोरात लावा. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मानेच्या बाजूंना, काखेत आणि जांघेत ठेवा. नुसता कपाळावर ठेवून भागत नाही. बेशुद्ध किंवा बरळणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. ओकारी येत असेल तर कुशीवर वळवा. माणूस नीट बोलू लागला किंवा कुडकुडू लागला की पाणी थांबवा, पण दवाखाना टाळू नका.

बरा वाटतोय मग दवाखाना कशाला?

कारण खरं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतं. इतक्या उष्णतेत पेशींमधली प्रथिनं बिघडतात. रक्त गार व्हायला कातडीकडे वळलेलं असतं, त्यामुळे आतड्यांना ते कमी पडतं. आतड्यांचं अस्तर सैल होऊन तिथले विषारी घटक रक्तात उतरतात. स्नायू विरघळू लागले तर लघवी चहाच्या रंगाची होते आणि मूत्रपिंडं बंद पडायला आलेली असतात. यकृताला मार बसतो, रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते. हे रक्त-लघवी तपासल्याशिवाय कळत नाही.

पारा तर ३८ वरच होता, तरी लोक दगावतात कसे?

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात पुरस्कार सोहळ्याला आलेले १४ जण उष्माघाताने गेले. त्या दिवशी तिथला पारा ३८ च्या आसपासच होता. पण भर उन्हात तासन् तास बसणं, गर्दी आणि समुद्राकाठची दमट हवा हे सगळं एकत्र आलं.

माठातलं पाणी जसं पाझरून, वाळून गार होतं तसंच शरीराचं आहे: घाम वाळला तरच गारवा. नुसता निथळून गेला तर पाणी आणि मीठ दोन्ही गेलं, हाती काही नाही. नाशिकचा एप्रिल-मे कोरडा असतो. पारा चाळिशीपार गेला, मालेगावात त्याच्याही वर गेला, तरी घाम वाळतो, कूलर चालतो. पण जूनच्या सुरुवातीला ढग येतात, पाऊस नसतो, तेव्हा ३५ अंशांतही जीव नकोसा होतो. त्या दिवसांत कूलर हवेत ओल वाढवतो. खिडक्या उघड्या ठेवा, नाहीतर उपयोगापेक्षा त्रास जास्त.

सपाट प्रदेशात पारा किमान ४० वर आणि सरासरीच्या साडेचार अंश वर गेला की हवामान खातं उष्णतेची लाट जाहीर करतं. तो इशारा आला नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. शिवाय तो पारा सावलीतला असतो. पत्र्याच्या शेडमध्ये, भट्टीजवळ किंवा डांबरी रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाचा हिशेब वेगळा.

खिशात कांदा ठेवला तर ऊन लागत नाही म्हणतात. खरं का?

नाही. लासलगाव-पिंपळगावच्या बाजार समित्यांत माणसं कांद्याच्या ढिगांमध्येच उभी असतात, तरी त्यांना ऊन लागतंच. भाकरीबरोबर खा, चांगला लागतो. तळपायाला चोळण्यात वेळ घालवू नका.

पन्हं, ताक, ओआरएस की साधं पाणी?

दोन-चार तासांच्या कामाला पाणी आणि मधून ताक किंवा पन्हं पुरतं. दिवसभर घाम गाळणाऱ्याने फक्त साधं पाणी लिटरच्या लिटर प्यायलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. त्यानेही डोकं दुखतं, ओकाऱ्या होतात, झटके येतात, आणि लोकांना वाटतं पाणी कमी पडलं म्हणून ते आणखी पाजतात. अशांना ओआरएस द्या. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात घाला. ग्लासभर पाण्यात चिमूट-चिमूट टाकून पिणं चुकीचं. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल त्यांनी किती प्यायचं ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

चैत्रात सप्तशृंगी गडावर चालत जायचंय. काय काळजी घ्यायची?

खानदेशातून मालेगाव-देवळ्यामार्गे पायी येणाऱ्या भाविकांना हे सांगायची खरं तर गरज नाही. पहाटे तीन-चारला निघायचं, अकराच्या आत मुक्काम गाठायचा आणि ऊन कलल्यावर पुन्हा चालायचं, हे तंत्र त्यांचंच. त्रास होतो तो वर्षभर एसीत बसून एकदम चालायला निघालेल्यांना. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्यात घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, नाडी आटोक्यात राहते. आठवडाभर आधीपासून रोज थोडं उन्हात चाला. निर्जळी उपास धरून गड चढू नका, देवी रागावत नाही.

हाच नियम कामाला नव्याने लागलेल्या मजुरांचा. पेठ-सुरगाण्याहून द्राक्षाच्या आणि कांद्याच्या कामाला आलेला नवा गडी पहिल्याच दिवशी जुन्यांच्या बरोबरीने राबला तर धोका त्यालाच जास्त. पहिल्या दिवशी पाचव्या हिश्श्याएवढंच उन्हातलं काम द्यावं आणि रोज वाढवत न्यावं. मुकादमांना हे पटवणं अवघड जातं, मला माहीत आहे.

नाशिकच्या थंडीत कोणी गारठून मरतं का? आपल्याकडे बर्फ तर पडत नाही.

बर्फ लागतच नाही. आतलं तापमान ३५ सेल्सिअसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू झाला, आणि ओलं अंग, वारा, रिकामं पोट एकत्र आले तर दहा-बारा अंशांच्या रात्रीही ते होऊ शकतं. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं.

आता निफाड तालुक्याकडे बघा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला नीचांकी पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो आणि पाच-सहा अंशांची बातमी कोणाला नवी वाटत नाही. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात. शेतीची वीज पाळीने रात्रीची असते. म्हणजे रात्री दोन-तीनला एकटा माणूस, हातात बॅटरी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, अंगावर भिजलेला सुती सदरा आणि वर स्वेटर. सगळी काळजी बागेची, स्वतःची नाही.

तो आधी कुडकुडतो. ते चांगलं लक्षण आहे, शरीर झुंजतंय. मग बोटं ऐकत नाहीत, कॉकची चकती फिरवता येत नाही. जीभ जड होते, पाय अडखळतात, 'जरा टेकतो' म्हणून बांधावर बसतो. ३२ अंशांच्या आसपास कुडकुडणं थांबतं, आणि घरच्यांना वाटतं आता बरं वाटतंय. इथेच खरा धोका सुरू होतो. काही जण या अवस्थेत गरम होतंय म्हणून अंगावरचे कपडे काढतात. रस्त्याकडेला असा अर्धवट उघडा, बरळणारा माणूस दिसला की लोक 'प्यायलाय' म्हणून पुढे जातात. प्यायलेला असेलही, पण थंडीच्या रात्री दारूने मरण जवळ येतं, लांब जात नाही.

पाणी भरायला जाताना दोघं जा. कोरडा सदरा-पायजमा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बांधावर ठेवा. भिजलेलं सुती कापड ऊब देत नाही, लोकर ओली असतानाही थोडीफार देते. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकला मुक्काम करणाऱ्या वारकऱ्यांनी पांघरुणाइतकीच अंथरुणाची काळजी घ्यावी. जमीन खालून ऊब ओढते. खाली पेंढा, गोणपाट, पुठ्ठा, काहीही जाड घ्या.

थर्मामीटर ९४ दाखवतोय. म्हणजे फार कमी नाही ना?

घरातला पाऱ्याचा थर्मामीटर सुरूच ९४-९५ पासून होतो. पारा अगदी तळाशी असेल तर खरं तापमान ९४ असेल किंवा ८८ असेल, त्याला सांगता येत नाही. हात पोटावर ठेवून बघा. हातपाय थंडीत सगळ्यांचेच गार असतात. कपड्याखालचं पोटही गार लागत असेल आणि माणूस सुस्त असेल तर दवाखाना गाठा.

गारठलेल्याला ऊब कशी द्यायची? ब्रँडीचे दोन घोट चालतील?

ब्रँडी नको. तिने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, क्षणभर गरम वाटतं आणि आतली उष्णता बाहेर जाते.

वाऱ्यातून आत आणा. ओले कपडे काढा, गरज पडली तर कापून. कोरडं घोंगडं गुंडाळा, डोकं-मान झाका. छाती, काख आणि पोट इथे ऊब द्या: गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून, किंवा दुसऱ्या माणसाच्या अंगाची ऊब. नीट गिळता येत असेल तर गोड गरम चहा, दूध, कढण. हातपाय जोराने चोळू नका, शेकोटीला अगदी चिकटवून बसवू नका, गरम पाण्याने एकदम आंघोळ घालू नका. आणि हलक्या हाताने, आडवंच उचला. फार गार पडलेलं हृदय नाजूक असतं, हिसक्यानेही ठोके विस्कटू शकतात.

खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलं तर?

नको. दारं-खिडक्या लावून कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी आणि बंद बाथरूममधला गॅस गीझर याच यादीत.

नवजात बाळाला थंडी किती बाधते? उन्हाळ्यातही टोपडं घालायचं का?

बाळाला कुडकुडता येत नाही. वजनाच्या मानाने त्याची कातडी मोठी असते, त्यामुळे ते भराभर गार पडतं. ९७.७ फॅरनहाइटच्या खाली गेलं तर ते कमीच समजतात. तळपाय गार पण पोट गरम, तर बाळाला थंडी वाजतेय. पोटही गार, दूध ओढत नाही, रडणं क्षीण, तर थांबू नका. सगळ्यात चांगला हीटर आईची छाती. उघड्या छातीशी बाळ घेऊन वरून पांघरायची कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात इनक्युबेटर अपुरे पडले म्हणून सुरू झाली, आणि कमी वजनाच्या बाळांसाठी आज जगभर वापरतात. पहिली आंघोळ किमान २४ तास लांबवा.

मे महिन्यात मात्र दुपटं, टोपडं, मोजे असं सगळं चढवून बाळाला शिजवू नका. अंग तापलेलं दिसलं तर आधी कपडे कमी करून, पाजून, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. तरी १००.४ असेल तर तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला त्याच दिवशी दाखवा.

पहाटे रामकुंडावर डुबकी मारताना छातीत धस्स होतं. ते काय?

गार पाण्याचा पहिला धक्का. अंग गारठण्याआधीच, पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत श्वास अनावर होतो, रक्तदाब आणि नाडी एकदम चढते. श्वास आत ओढला जाताना तोंड पाण्याखाली असेल तर पोहणाराही बुडतो. पायांवर, मग तोंडावर पाणी घेऊन हळूहळू उतरा. हृदयविकार असलेल्यांनी तांब्याने अंगावर पाणी घ्यावं. पुण्य तेवढंच.

गार पडलाय, नाडी लागत नाही. गेला असं समजायचं?

गारठलेल्याच्या बाबतीत नाही. नाडी फार मंद असते, पूर्ण मिनिटभर बघा. नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि दवाखान्यापर्यंत चालू ठेवा. १९९९ मध्ये नॉर्वेत अ‍ॅना बोगेनहोल्म ही डॉक्टर ओढ्याच्या बर्फाखाली ८० मिनिटं अडकली होती. तिचं तापमान १३.७ सेल्सिअसपर्यंत उतरलं होतं. ती वाचली आणि पुन्हा कामावर रुजू झाली. मेंदू गार पडला की त्याची प्राणवायूची गरज घटते. म्हणून डॉक्टरही आधी ऊब देतात आणि मगच निर्णय घेतात.

रोजच्या गोळ्यांचा याच्याशी काही संबंध आहे का?

आहे. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या, नाडी मंद करणाऱ्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या काही गोळ्या आणि मानसिक आजारांची बरीच औषधं घाम किंवा रक्ताभिसरण रोखतात, त्यामुळे ऊन लवकर लागतं. झोपेच्या गोळ्या आणि उपचार न केलेला थायरॉइडचा आजार थंडीत घातक. स्वतःहून काही बंद करू नका, मार्च उजाडायच्या आत डॉक्टरांशी बोला.

१०८ ला फोनवर काय सांगायचं?

'चक्कर आली' एवढंच सांगू नका. 'उन्हात काम करत होता, आता बरळतोय' किंवा 'भिजलेला सापडला, अंग गार आहे, उठत नाही' असं सांगा. गाव, शिवार, जवळचा फाटा आणि रस्त्यावरून दिसणारी खूण सांगा. एकाला मोटरसायकलवर फाट्यावर उभं करा, मळ्यातले रस्ते रुग्णवाहिकेला सापडत नाहीत.